मीठ, केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) की केआय (पोटॅशियम आयोडाइड)? अतिनील शोषणाच्या प्रोजेक्टसाठी स्फटिक निवडताना

‘मिठाच्या स्फटिकाचं अतिनील शोषण’ हा विषय ठरला असेल, तर स्फटिक मागवण्याआधी आपल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरची (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्राची) रेंज बघून घ्या. कॉलेजातली बरीचशी यंत्रं १९० ते ११०० नॅनोमीटरची असतात, आणि सगळा निर्णय त्या १९० वर अडतो.

साधं मीठ घेऊ नका, असंच मी सांगेन. क्लोराइडवरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या सोडियमकडे न्यायला सुमारे ८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे १६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश. तिथं हवेतला ऑक्सिजनच प्रकाश गिळतो, त्यामुळे निर्वात यंत्र हवं. जंतुनाशक दिव्याचा २५४ चा प्रकाश तर शुद्ध मिठातून आरपार जातो. तरीही ग्राफवर २७० च्या जवळ उंचवटा आलाच, तर आधी शिशाच्या अंशाचा संशय घ्या. स्वयंपाकघरातलं मीठ नकोच, त्यात आयोडेट (आयोडीनचं संयुग) असतं.

ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन त्यामानाने सैल. म्हणून केबीआरची कडा, म्हणजे शोषण जिथून एकदम वाढतं ती जागा, २०० च्या आसपास येते, पण यंत्राच्या अगदी टोकाला, जिथं दिवा मंद आणि रेषा थरथरते. फायदा एकच: आयआर (अवरक्त) मोजणीच्या गोळ्यांसाठी केमिस्ट्रीवाल्यांकडे पूड आणि प्रेस दोन्ही असतात. पण दाबलेली गोळी प्रकाश विखुरते, आणि अतिनीलकडे जाऊ तसं ते विखुरणं वाढत जातं. ग्राफ चढताना पाहून आनंद होतो, पण ते शोषण नसतं. शक्यतो एकसंध स्फटिकाची चकतीच घ्या.

माझी पसंती केआयला. आयोडाइडचा इलेक्ट्रॉन सगळ्यात सैल, शोषणाचं पहिलं शिखर २२० जवळ. दोन-तीन मिलिमीटरच्या चकतीत कडा त्याहूनही अलीकडे, २५० कडे सरकते आणि यंत्रावर स्वच्छ दिसते.

अडचण पाण्याची. नाशिकच्या जुलैत एकदा अशी चकती पाच मिनिटं टेबलावर राहिली. तिच्यावर आधी बोटाच्या ठशाएवढा धुरकट डाग उमटला, मग अख्खी बाजू चिकट झाली. मोजणी दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत ठेवा, हातमोजे घाला, चकती डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) अंधारात ठेवा. उजेडात ती पिवळी पडते, ते सुटलेलं आयोडीन. ग्राफवर २९० आणि ३५० जवळ उंचवटे दिसले, तर ती चकती बाजूला काढा आणि दुसरी लावा.