इलेक्ट्रिक शॉवर, तीन वर्षांनंतर: शॉवर धड होता, जळला होता स्विच

आमच्याकडचा इलेक्ट्रिक शॉवर तीन वर्षं रोज दोन-तीन अंघोळींना चालतोय. भिंतीवरचा पांढरा डबा, टाकी नाही. एका बाजूने गार पाणी आत जातं, वाटेत तापतं आणि दुसऱ्या बाजूने नळीतून बाहेर येतं. गेल्या महिन्यात एका सकाळी तो एकदम बंद पडला आणि पाच दिवस बंदच राहिला. नवीन असताना लिहिला असता तर हा रिव्ह्यू चार ओळींचा झाला असता. आता लिहिण्यासारखं बरंच आहे, आणि ज्यांचा शॉवर आज बंद पडलाय त्यांना ते उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

घेतला तो बाबांसाठी. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना खाली वाकून बादलीतून पाणी घेणं जमेना. न्हाणीघरात पाठ टेकायची खुर्ची ठेवली, शॉवरची नळी हाताशी येईल इतक्या उंचीवर दांडी लावली. बटण दाबायचं, दोन-चार सेकंद थांबायचं, कोमट पाणी सुरू. कुणाला हाक मारायची गरज नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला स्वतःची अंघोळ स्वतः करता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते मी घरात रोज बघते. म्हणून हे यंत्र माझ्या फार जवळचं आहे.

डब्याच्या बाजूच्या पट्टीवर 8.5 किलोवॅट लिहिलंय, पण शेजारचे बारीक आकडेही वाचा. हा आकडा 240 व्होल्टचा आहे, 230 व्होल्टला तोच शॉवर 7.8 किलोवॅट देतो. मी मापाचं भांडं, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन मोजलं. थंडीत नळाचं पाणी 15 अंशांवर असताना 40 अंशांचं पाणी मिनिटाला साधारण साडेचार लिटर मिळतं. उन्हाळ्यात नळाचंच पाणी 25 अंशांवर असतं तेव्हा सात लिटरच्या वर जातं. थंडीत धार बारीक होते तो बिघाड नव्हे. तेवढ्या विजेत पाणी तेवढंच तापतं, त्यामुळे जास्त तापवायचं तर कमी सोडावं लागतं. साडेचार लिटरची धार बाबांना पुरते. डोक्यावरून धो-धो पाणी हवं असणाऱ्यांनी मोठा शॉवर बघावा, आणि त्याआधी आपली वायरिंग बघावी.

तीन वर्षांत एक किरकोळ त्रास झाला. शॉवरच्या जाळीच्या भोकांत क्षार साठले, धार अडली, आत पाणी जास्त तापायला लागलं आणि आतलं कट-आउट (पाणी फार तापलं की हीटिंग थांबवणारा स्विच) अंघोळीच्या मध्येच हीटिंग तोडायला लागलं. गरम, गार, पुन्हा गरम. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, सकाळी जुन्या ब्रशने घासली, प्रश्न मिटला. तेव्हापासून महिन्यातून एकदा हे करते.

आणि नेमक्या या अनुभवाने मला पुढे चकवलं.

बंद पडायच्या आठवडाभर आधीपासून शॉवर मध्येच थांबायचा. अर्ध्या तासाने बटण दाबलं की मुकाट्याने सुरू व्हायचा. मला वाटलं, पुन्हा क्षार. जाळी काढली, घासली, लावली. फरक नाही. दोन्हींतला भेद तेव्हा माझ्या लक्षात यायला हवा होता, तो इथे सांगते. कट-आउट तुटतं तेव्हा आमच्या शॉवरची धार चालू राहते, फक्त गार होते, आणि डब्यावरचा दिवा पेटलेला असतो. या वेळी पाणीच थांबत होतं आणि दिवाही विझत होता. पाणी सोडणारी आतली झडप विजेवर चालते. वीज गेली की झडप मिटते, पाणी बंद. म्हणजे तापण्याची भानगड नव्हतीच, डब्यापर्यंत वीजच पोचत नव्हती.

दुसरी खूण होती वासाची. न्हाणीघरात मासळीसारखा उग्र वास यायचा, विशेषतः अंघोळ संपता संपता. मी दोनदा मोरीची जाळी उचलून धुतली, खाली गरम पाणी ओतलं. बाबा म्हणाले, "अगं, वास खालून नाही, वरून येतोय." मी ते मनावर घेतलं नाही. स्विचचं प्लॅस्टिक आणि बॅकेलाइट तापलं की अगदी असाच वास येतो, हे मला नंतर कळलं. ज्या खोलीत विजेचं मोठं उपकरण आहे आणि मासळी नाही, तिथे हा वास आला की ताबडतोब मेन बंद करा. मी आठवडा घालवला, आणि तो आठवडा वाईट संपू शकला असता.

मग ती सकाळ. बटण दाबलं, काही नाही. झडपेचा तो नेहमीचा टक् आवाजसुद्धा नाही. मीटरबोर्डकडे गेले, शॉवरची 40 अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच, वरच होती. करंटची गळती झाली की पडणारी आरसीसीबीही पडलेली नव्हती. शॉवरची वीज चालू-बंद करणाऱ्या, छताला लावलेल्या दोरीच्या स्विचमधला लाल दिवा पेटलेला होता. मी म्हटलं, लाइन तर आहे, शॉवरच गेला.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिकडूनही हेच विचारलं गेलं: एमसीबी वर आहे का, स्विचचा दिवा लागतो का. दोन्हींना हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. त्याने झाकण उघडलं, आतल्या कनेक्टरला टेस्टर लावला, टेस्टर पेटला. "लाइन येतेय मॅडम. कार्ड गेलंय, आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. या मॉडेलचं कार्ड आता येत नाही, नवीन युनिट घ्या." दहा मिनिटांत तो निघूनही गेला. व्होल्ट मोजायचा मीटर त्याच्या पिशवीत होता, पण त्याने तो बाहेर काढला नाही. याचा मला आजही राग आहे. त्याच्या शब्दावर विसंबून मी तीन वर्षांचा धडधाकट शॉवर भंगारात टाकणार होते. त्याहून वाईट म्हणजे नवा कोरा शॉवर त्याच जळक्या स्विचवर जोडला गेला असता.

नवीन घ्यायच्या आधी वायरिंगवाल्या दादांना एकदा दाखवावं, असं बाबाच म्हणाले. दादा पाचव्या दिवशी आले. आत शिरताच थांबले आणि नाकाने वास घेतला. "ताई, हा वास कधीपासून येतोय?" शॉवरकडे त्यांनी बघितलंही नाही, स्टुलावर चढून छतावरचा स्विच बघितला. पांढऱ्या झाकणाच्या एका कडेला चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा होता. रोज त्याच्याखाली उभी राहून मी तो बघितला नव्हता.

तरी घाई न करता त्यांनी आधी शॉवरच्या कनेक्टरवर मीटर लावून मला आकडे दाखवले. फेज (वीज आणणारी वायर) आणि अर्थ यांच्यात 228 व्होल्ट. फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांच्यात शून्याच्या आसपास. "फेज येतोय, म्हणून टेस्टर पेटतो. न्यूट्रल तुटलाय. परतीची वाट नाही तर शॉवर चालेल कसा?" टेस्टर फक्त फेज आहे का एवढंच सांगतो. लाइन पूर्ण आहे की नाही ते त्याला कळत नाही. आधीचा माणूस इथेच फसला होता.

मग मेन बंद करून, स्विचवर वीज नाही याची मीटरने खात्री करून त्यांनी झाकण उतरवलं. ते दृश्य विसरता येत नाही. चार स्क्रूंपैकी तीन लख्ख पिवळे. चौथा, शॉवरकडे जाणाऱ्या न्यूट्रलचा, काळा ठिक्कर. त्याच्या भोवतीचं प्लॅस्टिक मेणासारखं वितळून ओघळलेलं. वायरचं आवरण बोटभर करपून कडक झालं होतं, दादांनी चिमटीत धरताच त्याचा चुरा झाला. आतलं तांबं काळपट पडलेलं. वायर स्क्रूखालून सुटली होती, पण दिवा स्विचच्या आतूनच जोडलेला असल्यामुळे तो पेटत राहिला होता.

कारणही तिथेच दिसलं. बसवताना वायर पुरेशी सोललेली नव्हती. स्क्रू तांब्याऐवजी अर्धा आवरणावर आवळला गेला होता. आवरण दबत गेलं, स्क्रू ढिला पडत गेला. शॉवर 34 अँपिअर ओढतो. ढिल्या जोडाचा रोध 0.1 ओहम इतका जरी झाला तरी त्या वाटाण्याएवढ्या जागेत 115 वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. एक मोठा जुना बल्ब बंद डबीत पेटवून ठेवल्यासारखं. जोड तापतो, त्याने आणखी ढिला होतो, रोध वाढतो, आणखी तापतो.

मी विचारलं, मग एमसीबी का पडली नाही? दादांनी दिलेलं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एमसीबी जास्त करंट वाहिला की पडते, इथे करंट नेहमीइतकाच होता. आरसीसीबी करंट अर्थला गळायला लागला की पडते, इथे गळती नव्हती. ढिला स्क्रू तापून जळतो तेव्हा या दोन्ही गप्प बसतात. तिथे डोळे, नाक आणि हात यांचाच भरवसा.

दुरुस्तीला तासभर लागला. 10 स्क्वेअर मिलिमीटरची वायर लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापली. सुदैवाने छतात थोडी वायर राखून ठेवलेली होती. 45 अँपिअरचा नवा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच बसवला, प्रत्येक वायर नीट सोलून, स्क्रू आवळून, वायर ओढून बघितली. एवढ्यावर थांबले नाहीत. शॉवरच्या आतले स्क्रू तपासले, एमसीबीचेही तपासले, पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून करंट कुठे गळत नाही ना ते बघितलं. सगळं चांगलं. कार्ड गेलेलं नव्हतंच. मेन चालू केला, दोरी ओढली, बटण दाबलं, टक्. बाबा दारातच उभे होते, टॉवेल खांद्यावर टाकून.

आता गुण. यंत्राला पाचपैकी चार. पाणी एकसारखं तापतं, क्षार काढणं सोपं आहे, बटणं मोठी आणि ओल्या बोटांनीही दबणारी आहेत, आवाज थोडा आहे पण त्रास नाही. एक गुण कापतेय तो सोबतच्या पुस्तिकेसाठी. "शॉवर चालू होत नाही" या पानावर फ्यूज बघा, पाण्याचा कॉक बघा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा, एवढंच आहे. स्विच तापतोय का बघा, डाग बघा, वास आला तर वापर थांबवा, यातलं अक्षरही नाही. एवढा करंट ओढणाऱ्या उपकरणाच्या पुस्तिकेत हे पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असायला हवं.

सर्व्हिसला पाचपैकी एक. तोही फोन पहिल्या रिंगला उचलला म्हणून.

वायरिंगवाल्या दादांना पाचपैकी पाच.

तुमचा शॉवर बंद पडला असेल तर डबा किंवा स्विच स्वतः उघडू नका. ओल्या खोलीत 230 व्होल्टशी खेळ नको. न उघडताही पुष्कळ कळतं. पाणी थांबलंय की फक्त गार आलंय? डब्यावरचा दिवा विझलाय की पेटलेला आहे? एमसीबी पडली असेल तर एकदाच वर करून बघा, पुन्हा पडली तर तशीच खाली राहू द्या. आरसीसीबी पडत असेल तर बहुतेक वेळा एलिमेंट फुटून पाण्यात करंट गळत असतो, तेव्हा शॉवरला हात लावू नका. पाणी चालू आहे, दिवा पेटलाय, पण सगळ्यात वरच्या सेटिंगवरही पाणी कोमटच येतंय, तर दोनपैकी एक एलिमेंट गेलं असण्याची शक्यता मोठी. आणि येणाऱ्या माणसाला फेज-न्यूट्रलमधले व्होल्ट मीटरवर दाखवायला सांगा. त्याने मीटर न काढता यंत्र मोडीत काढलं, तर दुसऱ्या माणसाला बोलवा.

दादा पंधरा दिवसांनी पुन्हा येऊन स्क्रू बघून गेले, कारण नव्या जोडातलं तांबं थोडं बसतं. एक स्क्रू पाव फेरा आवळावा लागला. रविवारी बाबांची अंघोळ झाली की मी हात कोरडे करून स्टुलावर चढते आणि स्विचच्या झाकणाला हाताची पाठ लावून बघते. काल गार होता.