आठवीनंतर तालुक्याला टाकायचं: अपडाऊन करू द्यावं का होस्टेलला ठेवावं?

गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीपर्यंत असते, पुढं तालुक्याच्या नाहीतर जवळच्या मोठ्या गावच्या हायस्कूलला जा लागते, आणि मे महिना लागला का घराघरात हाच विषय निघतो. पोरगं रोज एसटीनं जाऊ द्यावं का तिथंच होस्टेलला ठेवून द्यावं. शेजारच्यानं काय केलं ते पाहून बहुतेक लोक ठरवतात, किंवा शाळेचं नाव मोठं आहे म्हणून ठरवतात. माझं म्हणणं असं आहे का शाळेचं नाव नंतर पाहा, आधी पोरगं संध्याकाळी सहा ते नऊ कुठं असणार आहे ते पाहा. नववी-दहावीचा खरा अभ्यास त्याच तीन तासात होतो, आणि ते तास गाडीत गेले, वावरात गेले का पुस्तकासमोर गेले यावरच सगळं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. गाडी शाळेच्या टायमाला जुळत असेल अन पावसात रस्ता बंद पडत नसेल तर नववीला घरून जाणंच बरं. या दोन्हीपैकी एक जरी बिघडत असेल तर होस्टेलचा विचार मनापासून करा, नुसतं "लेकरू लहान आहे" म्हणून टाळू नका.

आता पैशाचं. लोकाईले वाटते अपडाऊन फुकट पडते अन होस्टेल महाग, पण हिशेब तसा सरळ नाही. आठवीपर्यंत अनुदानित शाळेत पुस्तकं फुकट भेटतात, दुपारची खिचडी भेटते, नववीला दोन्ही बंद होते, हे कित्येक घरात जूनमध्येच लक्षात येते आणि तेव्हाच बियाणं-खत घ्यायचं असते. म्हणजे पोरगं कुठंही राहो, पुस्तक-वह्या आणि डब्बा हा खर्च नवीन आहे. प्रवासाचं म्हणाल तर मुलींना पाचवी ते बारावी अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास पूर्ण मोफत आहे, आणि पोराईले पासात ६६.६७ टक्के सूट आहे, म्हणजे तिसरा हिस्साच भरा लागते. पण पास एसटीतच चालतो. गाडी चुकली, आली नाही, फाट्यावर थांबलीच नाही, का मग काळीपिवळीत बसा आणि तिथं पास कोणी पाहत नाही. अशी महिन्यातून किती दिवस पाळी येईल ते तुमच्या रूटवर अवलंबून आहे, गावातल्या आधीच्या पोट्ट्याईले विचारा, ते बरोबर सांगतात.

होस्टेलमध्ये दोन प्रकार पूर्ण वेगळे समजा. समाजकल्याणचं शासकीय वसतिगृह किंवा आदिवासी विभागाचं वसतिगृह असेल तर राहणं-जेवण मोफत असते, पण जागा ठरलेल्या असतात, मागच्या वर्गाचे मार्क पाहून नंबर लागतो आणि पोरगं त्याच गावचं रहिवासी असून चालत नाही. दुसरा प्रकार खाजगी, तिथं मेसचे पैसे आगाऊ मागतात, डिपॉझिट मागतात. खाजगीत टाकायचं असेल तर वर्षाचा आकडा पूर्ण लिहून घ्या. कापूस विकल्यावर देतो असं तोंडी ठरवलं का दिवाळीच्या आधी कटकट होते आणि अपमान पोराचा होतो.

एक गोष्ट इथं बहुतेक लोक विसरतात. पोरानं आठवीत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोराईसाठीच्या केंद्राच्या स्कॉलरशिपची, परीक्षा दिली असेल अन त्यात नाव लागलं असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये भेटतात. पण पोरगं सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकत असलं पाहिजे. विनाअनुदानित इंग्लिश स्कूलला टाकलं, किंवा शासकीय निवासी शाळेत टाकलं, तर ही स्कॉलरशिप हातची जाते. म्हणजे "तिथं होस्टेल पण आहे अन शाळा पण आहे" म्हणून खुशीत टाकायच्या आधी चार वर्षाचे ४८,००० डोक्यात धरा. वसतिगृह वेगळं अन शाळा अनुदानित, असं असेल तर मुख्याध्यापकांना आधीच स्पष्ट विचारून घ्या.

वेळेचं गणित मात्र कागदावर मांडाच. समजा शाळा साडेदहा ते पाच आहे. गावातून मुक्कामी गाडी सकाळी सहाला निघते आणि दुसरी थेट साडेअकराला आहे, मग पोरगं सहाच्या गाडीनं जाणार आणि शाळा उघडेपर्यंत स्टँडवर बसणार. संध्याकाळी पाचला सुटलं, गाडी साडेसहाची, घरी पोचेपर्यंत आठ. हातपाय धुवून जेवलं का झोपलं. अशा अपडाऊनमध्ये अभ्यास होतच नाही, पोराचा दोष नसतो, साडेसहा तासाची शाळा म्हणता म्हणता चौदा तासाचा दिवस होते. उलट गाडी साडेनऊची असेल आणि साडेपाचला परत असेल तर अपडाऊनसारखं चांगलं काही नाही, घरचं जेवण, आईची नजर, आणि सकाळचे दोन तास हातात. म्हणून मे महिन्यात आगारात जाऊन टाइमटेबल पाहून या, आणि सुट्टीतलं नाही तर शाळा चालू असतानाचं विचारा, सुट्टीत काही फेऱ्या बंद असतात.

आणि टाइम जुळत नसेल तर लगेच हार मानू नका. चार-पाच गावचे मिळून वीस-तीस पोरं त्याच रूटवर असतील तर शाळेचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि पालकांच्या सह्या घेऊन आगार व्यवस्थापकाकडं जा, गाडी अर्धा तास मागं-पुढं करून भेटू शकते. हे काम जूनच्या आधी करायचं, शाळा सुरू झाल्यावर सगळे वावरात असतात.

पावसाचं सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये रपट्यावरून पाणी गेलं का गाडी अलीकडूनच परत फिरते. असे दिवस सलग आले का पोरगं मागं पडते आणि नेमके तेव्हाच गणिताचे पहिले धडे अन विज्ञानाचे प्रयोग चालू असतात. दहावीला भाषेत ८० लेखी अन २० अंतर्गत, गणितात ४० अन ४० चे दोन पेपर अन २० अंतर्गत, विज्ञानातही तसंच. हे २० मार्क वर्गात हजर राहून, वही पूर्ण करून, प्रयोग करून भेटतात. शिवाय बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. तुमच्या रस्त्यावर दरवर्षी पूर येणारा नाला असेल तर होस्टेलच्या बाजूनं हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, किंवा निदान त्या दोन महिन्यासाठी तालुक्यात कोणाकडं तरी रात्रीची सोय आधीच बोलून ठेवा. एसटीच्या भरवशाचं दुसरं पण आठवते, २०२१ च्या शेवटी संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, त्या वर्षी अपडाऊनवाल्या पोट्ट्याईचे जे हाल झाले ते गावानं पाहिले आहेत. असं दरवर्षी होत नाही, पण एकाच गाडीवर सगळं टांगून ठेवू नये.

आता घरचं खरं बोलू. घरी राहिलेलं पोरगं कामाला लागते. डवरणी-निंदणाच्या दिवसात रविवार जाते, इथपर्यंत ठीक आहे, पण दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू झाली का मजूर भेटत नाही आणि मग "आज एक दिवस शाळेत नको जाऊ" असं म्हणता म्हणता आठवडा जाते. यात माय-बापाची चूक काढायची नाही, कापूस झाडावर ठेवून चालत नाही. पण घरात ठरवा, दहावीच्या पोरानं वेचणीला शाळेचा दिवस मोडायचा नाही. हे पाळता येत नाही असं मनातून माहीत असेल, किंवा घर दोन खोल्याचं अन टीव्ही तिथंच, लाइट संध्याकाळी जाते, कामासाठी माय-बाप बाहेरगावी जातात, तर होस्टेल पोरासाठी खरोखर चांगलं.

होस्टेलची आपल्याकडं जुनी परंपरा आहे. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, तिथं वेगवेगळ्या जातीचे खेड्यातले पोरं एकत्र राहून शिकले. म्हणून होस्टेलला पाठवणं म्हणजे लेकराला टाकून देणं असं आजीनं कितीही म्हटलं तरी तसं नाही. पण होस्टेल पाहिल्याशिवाय ठेवू नका, आणि दुपारी ऑफिसात बसून पाहू नका, संध्याकाळी जेवणाच्या टायमाला जा. ताटात काय आहे, पाणी कुठून येते, संडासाला कडी आहे का, रात्री गृहपाल तिथंच राहतात का घरी जातात, अभ्यासाच्या वेळी कोणी बसते का, पोरगं आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेते. राहणाऱ्या पोराईशी बाजूला घेऊन बोला. आणि नवीन लेकराला पहिला महिना जड जाते, पोळ्याला घरी आलं का परत जायला मागत नाही, तेव्हा रागावू नका, एक-दोन दिवस जास्त ठेवा पण मग स्वतः सोडून या. भेटायला जाणं आता तेवढं महाग पण नाही, मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे अन ७५ वर्षाच्या वरच्या आजोबाला तर फुकट.

मुलींबद्दल वेगळं लिहितो कारण इथं चूक झाली तर शाळाच सुटते. सातवी-आठवीनंतर पोरी घरी बसतात त्याचं कारण कित्येकदा शेवटची गाडी हेच असते, पोरगी हुशार असते, शिकायची इच्छा असते, पण अंधारात फाट्यावरून गावात चालत यायचं म्हटलं का बाप नाही म्हणतो. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात (मागास तालुक्यांसाठीची राज्य सरकारची योजना) असेल तर मुलींसाठी त्याची वेगळी मोफत गाडी असते, ती तुमच्या गावावरून नेता येईल का ते शाळेत विचारा, आणि शाळा जवळ असेल तर आठवी ते बारावीच्या मुलींना त्याच कार्यक्रमात सायकल भेटते. एकाच गावच्या तीन-चार पोरी एका शाळेत टाका, एकीला एकटं पाठवू नका, सोबत असली का अर्धी भीती जाते. गाडीचं काहीच जमत नसेल तर मुलींचं वसतिगृह पाहा, बाई गृहपाल आहेत अन कंपाउंड पक्कं आहे एवढं पाहून ठेवा. पण "पुढच्या वर्षी पाहू" म्हणून घरी बसवू नका, एक वर्ष घरी बसलेली पोरगी परत शाळेत येणं फार अवघड असते.

तिसरा पर्याय नातेवाइकाचं घर. मामाकडं-मावशीकडं ठेवणं स्वस्त दिसते, पण तिथं पोराला अभ्यासाला जागा आहे का आणि पोरगी असेल तर ती घरकामातच अडकणार नाही ना, हे तोंडावर विचारता येत नसेल तर नका ठेवू. आणि १४ वर्षाच्या पोराला तालुक्यात खोली करून एकटं ठेवणं मला पटत नाही, अकरावीनंतर ठीक आहे.

सुट्टीतली तयारी पण दोघांची वेगळी. आपल्याकडं उन्हामुळं शाळा उशिरा उघडते, बाकी महाराष्ट्रात १५-१६ जूनला अन विदर्भात जूनच्या शेवटच्या आठवड्यात, २०२४ ला तर १ जुलैला उघडली. बोर्डाचा पेपर मात्र एकच. म्हणून ते एक-दोन आठवडे फुकट घालवू नका. सकाळी दहाच्या आत, ऊन तापायच्या आधी, रोज एक तास आठवीचं गणित परत करून घ्या, अपूर्णांक, वर्ग-घन, समीकरणं, कारण नववीला गणिताची दोन वेगळी पुस्तकं येतात अन पहिल्या आठवड्यापासून वेग असतो. सोबत इंग्लिशचं एक पान मोठ्यानं वाचायला लावा. बालभारतीच्या वेबसाइटवर पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, पण गावातल्या दहावीच्या पोराकडून जुनं पुस्तक भेटलं तर तेच घ्या, फक्त त्या वर्षी पुस्तक बदललं का हे आधी विचारा.

अपडाऊनवाल्याला जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गाडीच्या टायमानं उठवायला लागा अन एक दिवस सोबत जाऊन स्टँड ते शाळा रस्ता दाखवा. होस्टेलवाल्याला कपडे धुणं, अंथरूण घालणं, पैशाचा हिशेब लिहिणं मे मध्येच शिकवा. पेटी, दोन चाव्याचं कुलूप, ताट-वाटी, बादली, मच्छरदाणी, एवढं लागतेच, मोबाइलचं होस्टेलचा नियम काय ते विचारून ठरवा.

कागदं मात्र दोघांनाही सारखेच लागतात आणि जूनमध्ये सेतूवर गर्दी असते. टीसी, आधार, जातीचा दाखला, पोराच्या नावाचं आधारला जोडलेलं बँक खातं. टीसीवर, आधारवर अन खात्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच पाहा, स्कॉलरशिप इथंच अडकते. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपते म्हणून एप्रिलनंतरचा नवीन काढा. एसटी पासाला शाळेचं बोनाफाईड लागते, ते अ‍ॅडमिशनच्या दिवशीच मागून घ्या. आणि अपडाऊन का होस्टेल हे अजून नक्की झालं नसेल तरी शासकीय वसतिगृहाचा फॉर्म भरून ठेवाच, नंबर लागल्यावर नाही म्हणता येते, पण ऑगस्टमध्ये नाला भरल्यावर जागा मागायला गेलात तर यादी तेव्हा लागून गेलेली असते.