पितळी बायपास किट: दोन हिवाळे झाले, एक थेंब गळला नाही

कॅम्पिंग ट्रेलरच्या वॉटर हीटरसाठी हे किट आहे, हीटरच्या टाकीला वळसा घालून पाणी पुढे नेणारे तीन व्हॉल्व्ह. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली सांगतो.

आम्ही मिनेसोटात राहतो, इथे जानेवारीत उणे २० फॅरेनहाइट म्हणजे नवल नाही, त्यामुळे ऑक्टोबर संपायच्या आत ट्रेलरच्या पाइपातलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरावंच लागतं, नाहीतर पाणी गोठून फुगतं आणि पाइप, नळ, टाकी, जे कच्चं असेल ते फुटतं. वॉटर हीटरची टाकी ६ गॅलनची, ती रिकामी करून बायपास करायची, नाहीतर तेवढं सगळं अँटीफ्रीझ आधी तीच पिते.

ट्रेलरसोबत आलेले व्हॉल्व्ह प्लास्टिकचे होते. तिसऱ्या वर्षी पंप चालू केला तर किचनचा गार नळ लगेच गुलाबी झाला पण गरम नळाला नुसती हवा, दुसरा कॅन संपत आला, आणि बाहेर बघतो तर हीटरच्या ड्रेनच्या भोकातून गुलाबी धार! हँडल फिरत होतं पण आतला बॉल जागचा हलतच नव्हता. ड्रेन प्लग काढून ठेवला होता म्हणून कळलं तरी, लावलेला असता तर टाकी गुपचूप भरत राहिली असती.

नेमका कुठला व्हॉल्व्ह गेलाय ते असं शोधा: गरम बाजूचा व्हॉल्व्ह बंदच असू द्या, गार इनलेट (टाकीत गार पाणी सोडणारा) आणि बायपास (टाकीला वळसा देणारा) दोन्ही बंद करा, सगळे गरम नळ बंद, आणि पंप लावा. ड्रेनमधून गळलं तर इनलेट खराब. नाही गळलं तर आता बायपास उघडा, मग गळायला लागलं तर गरम बाजूचा व्हॉल्व्ह किंवा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) धरत नाहीये. मला हे शोधायला अख्खी दुपार गेली, तुमची दहा मिनिटं जातील.

किट छान जड आहे, तिन्ही व्हॉल्व्ह पाव फेरीत फिरतात, हँडल पाइपच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवं म्हणजे बंद, टॉर्चच्या उजेडातसुद्धा चटकन कळतं. टेफ्लॉन टेप मात्र वेगळी घ्यावी लागली. घ्यायच्या आधी टाकीच्या मागच्या तोंडांचं माप बघा. आणि अर्धा स्टार कापला तो हँडलच्या लांबीसाठी, आमच्या पलंगाखालच्या खणात एक हँडल फळीला अडतं, मी थोडं कापून घेतलं पण कंपनीने आखूड द्यायला हवं होतं.

ड्रेन प्लगबद्दल कळकळीने सांगतो, हीटरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या, पाण्याचं प्रेशर सोडा, मगच प्लगला हात लावा. उकळतं पाणी अंगावर येतं. सबर्बन कंपनीची टाकी पोलादी, तिच्या प्लगलाच अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) असतो, तो खूप झिजला असेल तर त्याच वेळी बदला. अ‍ॅटवूडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, तिला साधा प्लास्टिकचा प्लग असतो, तिथे रॉड लावायचा नसतो.

मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उलटं करायला विसरू नका. आंघोळीला पाणी कोमट येत असेल तर हीटरवाल्याला फोन करण्याआधी बायपास बंद केलाय का ते बघा, तो थोडा जरी उघडा राहिला तरी गार पाणी गरमात मिसळतं. आणि गरम नळाला सलग धार येईपर्यंत विजेचं बटण दाबू नका, कोरड्या टाकीत एलिमेंट लगेच जळतं. आमच्या हिने आता बटणाशेजारी मार्करने लिहूनच ठेवलंय, "आधी पाणी".