बॅक्टेरिया की झाडं? हलक्या खनिजातून धातू काढायचा तर काय निवडायचं

सरळ मुद्द्यावर येतो. लो ग्रेड ओर, म्हणजे ज्यात धातू इतका कमी की दळून भट्टीत घालायचा खर्चसुद्धा निघणार नाही, असा दगड किंवा माती तुमच्याकडे पडून आहे, किंवा यावर एमटेकचा प्रोजेक्ट, स्टार्टअप वगैरे काढायचं डोक्यात आहे, आणि दोन नावं सारखी कानावर येतायत: बायोलीचिंग आणि फायटोमायनिंग. पहिल्यात बॅक्टेरिया धातू पाण्यात उतरवतात, दुसऱ्यात झाडं तो मुळांनी ओढून पानांत साठवतात आणि आपण पीक कापून, जाळून, राखेतून काढतो. दोन्हीला ग्रीन म्हणतात, दोन्हीचे व्हिडिओ भारी दिसतात, त्यामुळे लोक दोन्ही शेजारी ठेवून विचारतात की यातलं बरं कोणतं. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा हा निर्णय तुमच्या हातात नसतोच, तुमच्या दगडाने तो आधीच घेतलेला असतो. तो काय म्हणतोय तेवढं नीट ऐकायचं.

बॅक्टेरियाचं आधी बघू. यातला सगळ्यात प्रसिद्ध गडी अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स, 1947 मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणीतून झिरपणाऱ्या आंबट पाण्यात सापडला. हा लोखंड आणि गंधकावर जगतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, साखर-बिखर काही लागत नाही. फेरस लोखंडाचं तो फेरिक करतो, ते फेरिक मग सल्फाइड खनिजावर (ज्यात धातू गंधकाला जोडलेला असतो) तुटून पडतं, तांबं सुटून पाण्यात येतं, लोखंड परत फेरस होतं, आणि बॅक्टेरिया ते पुन्हा फेरिक करतो, असं चक्र. म्हणजे तुमचा धातू सल्फाइडमध्ये असेल तर(च) याला जेवण आहे. ऑक्साइड असेल तर हा उपाशी बसतो आणि तुम्ही पण.

बरं, सल्फाइड म्हणजे सगळं सारखं असंही नाही. चाल्कोसाइट (तांबं आणि गंधक) असेल तर मजा आहे, ओरचा ढीग रचून त्यावर आंबट पाणी सोडलं तर 70-80 टक्के तांबं निघू शकतं. चाल्कोपायराइट (तांबं, लोखंड आणि गंधक) मात्र हट्टी, थोडं विरघळलं की दाण्यावर एक थर बसतो आणि काम ठप्प, मग 60-70 डिग्रीला जगणारे वेगळे सूक्ष्मजीव लागतात आणि ढीग तेवढा गरम ठेवणं हा वेगळाच उद्योग. आपल्या गोंदियाच्या शेजारी बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे, तिथल्या 0.27 टक्केवाल्या लीन ओरवर जमशेदपूरच्या एनएमएलने (नॅशनल मेटलर्जिकल लॅबोरेटरी) बायोलीचिंगचे प्रयोग केलेत, आणि तिथलं मुख्य खनिज नेमकं हेच चाल्कोपायराइट. त्यामुळे चिलीच्या चाल्कोसाइटवाल्या खाणींचे रिकव्हरीचे आकडे उचलून इथे लावणारे प्रेझेंटेशन दिसलं की मी पहिल्यांदा खनिज कोणतं ते बघतो.

झाडांची गोष्ट उलटी. त्यांना सल्फाइडशी देणंघेणं नाही, त्यांना लागते अल्ट्रामाफिक (मॅग्नेशियम-लोखंड भरपूर असलेल्या) खडकाची झिजलेली माती, ज्याला सर्पेंटाइन माती म्हणतात, जिच्यात निकेल भरपूर आणि नेहमीची पिकं रडतखडत येतात. बहुतेक झाडं निकेल बाहेर ठेवतात, काही थोडीच ते मुद्दाम साठवतात, आणि सुक्या पानात किलोमागे 1000 मिलिग्रॅमच्या वर निकेल असेल तर त्या झाडाला हायपरअ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. न्यू कॅलेडोनियातल्या पिक्नँड्रा अक्युमिनाटा नावाच्या झाडाचा चीक निळसर-हिरवा निघतो, वाळवला तर त्यात 25 टक्क्यांपर्यंत निकेल भरतं. फोटो बघा एकदा, साल कापल्यावर झाडातून मोरचूदच वाहतंय असं वाटतं. पण ते झाड वाढायला पिढी जाईल, त्यामुळे शेतीसाठी दोन वेगळी: अल्बेनियात ओडोंटारेना, जिला आधी अलिसम म्हणायचे, आणि मलेशियाच्या साबामध्ये फायलँथस रुफुसचॅनेयी, आपल्या आवळ्याच्याच जातकुळीतलं झुडूप, छाटलं की परत फुटतं.

तर पहिला फिल्टर इथेच संपतो. तांबं, जस्त, कोबाल्ट, निकेल सल्फाइडमध्ये आहे: बॅक्टेरिया. निकेल वरच्या मातीत पसरलंय, सल्फाइड नाही: झाडं. दोन्ही नाही: पुढे वाचा पण फार आशा ठेवू नका.

आता जागेचा आणि मालाचा हिशोब, कारण इथे लोकांचे डोळे उघडतात. एक हेक्टर घ्या, म्हणजे अडीच एकर. त्यावर सहा मीटर उंच ढीग रचला तर साधारण एक लाख टन दगड बसतो. 0.3 टक्के तांबं म्हणजे 300 टन, आणि चांगल्या चाल्कोसाइटमधून 70 टक्के धरलं तर 210 टन तांबं, वर्ष-दोन वर्षांत. त्याच एक हेक्टरवर निकेलचं पीक लावलं तर अल्बेनियातल्या चांगल्या प्लॉटवर वर्षाला 100 किलोच्या आसपास, साबामध्ये 200 ते 300 किलोपर्यंत. टन नाही, किलो. मधला 150 चा आकडा धरा, निकेल 15 डॉलर किलोने धरा, तर एकरी पाऊण लाख रुपये होतात आणि तेही राखेतून धातू काढायचा खर्च वजा न करता. चांगल्या जमिनीत ऊस याहून जास्त देतो हो! म्हणून काळ्या कसदार रानात निकेलचं पीक ही कल्पनाच सोडून द्या, जिथे तसंही कुसळं सोडून काही उगवत नाही तिथेच याला अर्थ आहे.

पण झाडांच्या बाजूने एक गोष्ट आहे जी आकड्यात दिसत नाही. त्यांची राख म्हणजे स्वतःच एक हाय ग्रेड ओर असते, 10 ते 25 टक्के निकेल, जेव्हा खाणीतल्या चांगल्या लॅटेराइटमध्ये (झिजलेल्या खडकाची निकेलवाली माती) एक-दोन टक्के असतं. आणि लोखंड, मॅग्नेशियम, चिकणमातीचा जो कचरा निकेलच्या कारखान्यांना छळतो तो बहुतेक शेतातच राहून जातो. फ्रान्समधल्या नान्सीच्या लोकांनी अशा राखेतून निकेलचे शुद्ध क्षार काढून दाखवलेत. साठाही लवकर संपत नाही, वरच्या 30 सेंटीमीटर मातीत हेक्टरी चार हजार टन माती धरली आणि 0.2 टक्के निकेल असेल तर आठ टन झालं, वर्षाला 150 किलो काढत बसलात तरी कागदावर पन्नास वर्षं. कागदावरच, कारण त्यातलं मुळांना सुटं मिळणारं निकेल थोडंच असतं आणि ते कमी झालं की उतारा घसरतो.

भांडवलाचं थोडक्यात. ढिगाला क्रशर, खाली जाड एचडीपीई कागद (शेततळ्याला घालतात त्याच घराण्यातला), हवेचे पाईप, वर अ‍ॅसिडचं पाणी सोडायला ठिबक, तळी, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (द्रावणातून तांबं वेगळं करणं) आणि इलेक्ट्रोविनिंगचा (विजेने ते प्लेटवर बसवण्याचा) प्लँट, तेव्हा शेवटी 99.99 टक्केवाली कॅथोडची प्लेट हातात येते. छोट्या माणसाचा खेळ नाही हा. झाडांना बी, खत, कापणीचं मशीन, आणि भट्टी तुम्ही भाड्याने पण वापरू शकता. चुकलं तर शेतीत दोन हंगाम गेले, ढिगात चुकलं तर कंपनी गेली.

आणि हे उगाच म्हणत नाहीये. फिनलंडमध्ये सोटकामोला तालविवारा नावाची खाण 2008 मध्ये सुरू झाली, निकेल जेमतेम पाव टक्का, काळ्या शिस्ट खडकातलं सल्फाइड. सगळे म्हणाले एवढ्या थंडीत बॅक्टेरिया काय करणार, पण सल्फाइड जळताना (म्हणजे ऑक्सिडाइझ होताना) स्वतःच उष्णता देतं, बाहेर उणे वीस-तीस असताना ढीग आतून गरम आणि वरून वाफा निघतायत. बॅक्टेरियांनी त्यांचं काम चोख केलं. बुडाली ती पाण्यामुळे. पावसाचं आणि बर्फाचं पाणी साठत गेलं, नोव्हेंबर 2012 मध्ये जिप्समचं (प्रक्रियेतला गाळ साठवायचं) तळं फुटलं, धातूचं पाणी आजूबाजूच्या तळ्यांमध्ये गेलं, 2014 मध्ये दिवाळं, 2015 मध्ये सरकारी टेराफेमने ताब्यात घेतली. आज तीच खाण बॅटरीसाठी निकेल सल्फेट बनवते, म्हणजे तंत्र चालतं हे नक्की, पण पाण्याचा ताळेबंद चुकला की तंत्र चालून उपयोग नाही. आणि तिथला पाऊस कोकणाच्या मानाने काहीच नाही. आपल्याकडे कोणी उघड्यावर अ‍ॅसिडचा ढीग रचायचं म्हणालं तर माझा पहिला प्रश्न बॅक्टेरियाचा नसतो, जुलैमधल्या सलग चार दिवसांच्या पावसाचं पाणी कुठल्या तळ्यात जाणार हा असतो.

शिवाय काम झालं म्हणून बॅक्टेरिया सुट्टीवर जात नाहीत. सल्फाइड, हवा, पाणी आहे तोवर आंबट पाणी येतच राहणार, म्हणजे क्लोजरचा (खाण नीट बंद करण्याचा) खर्च पहिल्या दिवसापासून धरायला लागतो. झाडं नको झाली तर पेरणी बंद केली की झालं. जवळजवळ झालं, कारण अमेरिकेत ओरेगॉनमध्ये हीच अलिसम निकेलसाठी लावली, ती शेतातून निसटून आजूबाजूच्या सर्पेंटाइन माळांवर पसरली आणि शेवटी तिला उपद्रवी तण म्हणून जाहीर करायची वेळ आली. गाजर गवत बघितलेल्या माणसाला यावर जास्त सांगायला नको. बाहेरची जात आणायच्या आधी तिथलीच एखादी सापडते का ते शोधा. आणि पाला शेळ्यांनी खाल्ला, राख हवेत उडाली, तर निकेल पोटात आणि छातीत जातं, हे पण डोक्यात ठेवा.

मधली एक केस आहे जिथे दोन्ही बाजू भांडतात, ती म्हणजे ओडिशातलं सुकिंदा. क्रोमाइटच्या खाणींवरची जी माती काढून टाकतात तिच्यात अर्धा ते पाऊण टक्का निकेल आहे, आणि भारतात स्वतःच्या ओरमधून निकेल जवळपास निघतच नाही, म्हणून सगळ्यांची नजर त्यावर. पण ते निकेल गोएथाइट नावाच्या लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये अडकलंय, म्हणजे आपला गंधकवाला गडी बाद. भुवनेश्वरच्या आयएमएमटी या सरकारी खनिज संशोधन संस्थेने अ‍ॅस्परजिलस नायजर बुरशी वापरून पाहिली, जी ऑक्झॅलिक, सायट्रिक अशी आम्लं बनवते. चालतं, पण बुरशीला साखर लागते आणि ढिगाच्या मापात साखर म्हणजे मळीचा टँकर रोज. झाडं लावायची म्हटलं तर तो ओव्हरबर्डन म्हणजे सेंद्रिय काही नसलेली लाल माती, वर हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं विष. मला विचाराल तर तिथे आज तरी दोन्ही प्रयोगशाळेतच बरे, रिसर्चला मात्र याहून चांगला विषय नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गात कणकवलीजवळ आणि भंडाऱ्यात पवनीकडे क्रोमाइट आहे, म्हणजे अल्ट्रामाफिक खडक आहे, कॉलेजच्या पोरांना फील्डवर्कला हे भाग सोन्यासारखे.

सोन्यावरून आठवलं. मोहरी लावून सोनं काढायचं, हे अधूनमधून फिरत असतं. खरं आहे, 1998 मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी आपल्याच मोहरीत सोनं उतरवून दाखवलं, पण मोहरी ते आपणहून घेत नाही, मातीत अमोनियम थायोसायनेट ओतून सोनं विरघळवायला लागलं. उघड्या शेतात, खाली भूजल असताना, असली रसायनं ओतायची? माझं स्पष्ट नाही. बॅक्टेरियाचं सोनं वेगळं, दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनच्या फेअरव्ह्यू खाणीत 1986 पासून टाक्यांमध्ये बॅक्टेरिया सल्फाइडचं कवच फोडतात आणि आतलं सोनं नंतर सायनाइडने काढतात, पण तो बंदिस्त कारखाना आहे. आणि गोव्यातल्या लोखंडाच्या डंपांसाठी कोणी यातलं काही विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा, लोखंड तिथे ऑक्साइडमध्ये आहे आणि इतकं स्वस्त आहे की असले लाड परवडत नाहीत.

तरी ठरवायचंच असेल तर पैसे घालायच्या आधी दोन टेस्ट करा, दोन्ही स्वस्त. झाडांसाठी: डायमिथिलग्लायऑक्झिमच्या द्रावणात बुडवून वाळवलेला फिल्टर पेपर खिशात ठेवा, माळावरच्या प्रत्येक झाडाचं पान त्यावर दाबून चुरगळा, निकेल साठवणारं असेल तर कागद गुलाबी होतो. बॅक्टेरियासाठी: उभ्या पीव्हीसी पाईपमध्ये ओर भरून वरून पीएच 1.5 ते 2 चं पाणी थेंब थेंब सोडा आणि खाली काय येतं ते बघत राहा, फिकट हिरवं पाणी हळूहळू लालसर तपकिरी व्हायला लागलं की बॅक्टेरिया कामाला लागले. अ‍ॅसिड ओतत राहिलात आणि पीएच खाली येतच नाही, तर दगडात चुनखडी आहे, ती तुमचं सगळं अ‍ॅसिड पिणार, तिथेच थांबा. चिकणमाती जास्त असेल तर पाणी वरच तुंबतं, ते पण इथेच कळतं. कॉलम निदान सहा महिने चालू द्या, पहिल्या महिन्याच्या आकड्यावर कोणाला शब्द देऊ नका. आणि लॅबला सॅम्पल पाठवताना नुसतं तांबं-निकेल किती एवढंच विचारू नका, एकूण सल्फर वेगळा, सल्फाइडमधला सल्फर वेगळा आणि कार्बोनेट वेगळं असं लिहून मागा, नाहीतर ते एकच आकडा देतात आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.