घोड्यांचा माशी-स्प्रे: आठ महिने वापरल्यावर (घरात एक नाजूक कातडीची घोडी असताना)

जूनमध्ये पहिली बाटली आणली. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि तिसरी अर्ध्यावर आहे, म्हणजे बोलायला हरकत नाही.

आमच्याकडे दोनच जनावरं. बाजी हा काठेवाडी कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, कातडी अशी की बाभळीत घुसला तरी ओरखडा नाही. आणि चांदणी, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात घेतलेली नुकरी घोडी. नुकरी म्हणजे वरून पांढरी, आतून गुलाबी. नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा उन्हात लाल होतात, आणि चिलटं चावली की आयाळीच्या मुळाशी घासून घासून टक्कल पाडून घेते. आम्ही राहतो मुळशीकडे, त्यामुळे पावसाळ्यात माश्यांना तोटा नाही.

स्प्रे बाहेरून आलेला, तयार मारायचा, परमेथ्रिन या कीटकनाशकाचा. बाटलीवर 14 दिवसांचा दावा. बाजीवर तो दावा हिवाळ्यात चार-पाच दिवसांपर्यंत खरा ठरला. पावसात आणि घामात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोमाश्या परत हजर. तरीही मी त्याच्यापुरता खूश आहे. पूर्वी रपेटीला निघालं की शेपटीचे फटकारे आणि पाय आपटणं संपायचं नाही, आता घोडा चालण्याकडे लक्ष देतो.

चांदणीचं प्रकरण वेगळं. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला नि दोघांनाही सारखंच मारलं. 'फुस्स' आवाजाला ती आधी दोन पावलं मागे गेली, ते मी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी चंदी द्यायला गेलो तर मानेवर आणि छातीवर गांध्या, बोटाच्या पेराएवढ्या, हात लावला की गरम. भरपूर साध्या पाण्याने धुतलं, डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन झालं, रात्र गेली. डॉक्टर फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले: नवीन काहीही असो, आधी खांद्यावर तळहाताएवढी जागा, तेवढ्यावरच लावायचं आणि दोन दिवस थांबायचं. औषधानेच उठलं असं नाही, त्यातला स्पिरिट किंवा वासही कारण असू शकतो.

मग प्रयोग सुरू झाले. सिट्रोनेलावालं (एका वासाच्या गवताचं तेल) नैसर्गिक म्हणून मिळतं, ते आणलं. खांद्यावरच्या चाचणीतच कातडी लाल. 'नैसर्गिक' हा शब्द वाचून हुरळून जाऊ नका, घोडीला लेबल वाचता येत नाही. करंज आणि कडुनिंबाचं तेल हा आमच्या मोतद्दाराचा, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या माणसाचा, आवडता उपाय. बाजीला चाललं. चांदणीच्या अंगावर तेलावर धूळ बसून चिखल झाला, आणि जांघेत चुरचुरायला लागल्यावर तिने लाथ झाडली. शेवटी पाण्यात कालवलेला, बिनवासाचा, परमेथ्रिनचाच दुसरा स्प्रे खांद्यावर टिकला. आठवडाभर वाट पाहून मगच बाकी अंगाला लावला.

लावायची पद्धतही बदलली, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडला. आधी खरारा, कारण धुळीवर मारलेलं औषध धुळीबरोबरच गळून पडतं. मग बाहेर जाऊन जुन्या टेरीकॉटच्या फडक्यावर स्प्रे मारायचा आणि हातमोजे घालून फडकं अंगावरून केसांच्या दिशेने फिरवायचं. चेहऱ्याला गालाच्या हाडापासून सुरुवात, डोळा आणि नाकपुडी सोडून. खोगिराखाली अजिबात नाही, घाम आणि घर्षणाने तिथे पटकन चिडतं. कानातले केस कापायचे नाहीत, ती देवाने दिलेली जाळी आहे. पोटाखाली, बेंबीच्या पुढे, तिला रुपयाएवढी खपली झाली होती. तिथे औषध न लावता झिंक ऑक्साईडचं मलम जाड थापलं, तीन आठवड्यांत केस आले.

एक धोक्याची गोष्ट. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी गोठ्यात अमिट्राझ असतं, तेच घोड्याला मारायचा मोह होतो. मोतद्दार बादलीत कालवूनच बसला होता. डॉक्टरांचा फोन लागला म्हणून वाचलो. घोड्याची आतडी त्याने मंदावतात आणि पोटशूळ उठतो, जिवावर बेतू शकतं. आणि तबेल्यात मांजर असेल तर परमेथ्रिन वाळेपर्यंत तिला लांब ठेवा, मांजरांना ते विषच. आमची माऊ त्या अर्ध्या तासात कोंडलेली असते आणि तसं जाहीरही करते.

आता पैशाचं. बाटली महागच आहे, आणि लीद रोज उचलली नाही तर ती बाटली पाण्यात जाते. गरमीत अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आम्ही उकिरडा तबेल्यापासून लांब नेला, त्याने जितक्या माश्या कमी झाल्या तितक्या एकाही बाटलीने झाल्या नाहीत. चिलटं मात्र लिदीने नाही, ओल्या चिखलाने वाढतात आणि सूर्योदय-सूर्यास्ताला सुटतात. ती उडण्यात कच्ची असतात, त्यामुळे तबेल्यात भिंतीचा पंखा लावला. चांदणी संध्याकाळी त्याच्यासमोरच उभी राहते, चंदीचा तोबरा दाखवला तरी हलत नाही.

गुण द्यायचे तर बाजीसाठी पाचपैकी चार, चांदणीसाठी पहिल्या स्प्रेला शून्य आणि दुसऱ्याला साडेतीन. अर्धा गुण कापला तो झाकणाच्या ट्रिगरसाठी. दोन महिन्यांत गळायला लागला, मोज्यातून मनगटापर्यंत औषध येतं.