म्हाताऱ्या मांजराची किडनी ‘बरी करून देणारा’ घरपोच डॉक्टर : कोल्हापूरकरांनो, जपून

पेठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘म्हाताऱ्या मांजर-कुत्र्यांची किडनी विनाऑपरेशन बरी. डॉक्टर घरी येतील.’ खाली पांढऱ्याशुभ्र पर्शियन मांजराचा फोटो. या माणसानं आमच्याकडून आधी पॅकेजचे १२,००० आणि नंतर एका इंजेक्शनचे १८,००० रुपये नेले. पैशापेक्षा जास्त राग आहे तो त्या काळात मांजराचं खरं औषध बंद राहिलं याचा. त्याची पद्धत जशीच्या तशी लिहितो, म्हणजे तुमच्या दारात आला तर ओळखता येईल.

आमची चिंगी साधी गावठी, वय १५. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात माडीवर-खाली करत वाढलेली. गेल्या वर्षी तिनं जिना सोडला. पाणी बेसुमार प्यायला लागली, ट्रेमधली माती सारखी बदलावी लागायला लागली, आणि तीन किलोची मांजरी अडीचच्या खाली आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा कचरा, ३.४. किडनीचा साधारण पाऊण भाग कामातून गेल्यावरच हा आकडा वर चढतो, आणि गेलेला भाग परत येत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. उरलेला भाग सांभाळायचा. कमी फॉस्फरसचं खाणं, कातडीखाली सलाईन, रक्तदाबावर लक्ष. सुकट बंद. रविवारी पांढऱ्या रश्श्यातला तुकडा धुऊन तिला द्यायची आईची सवयही बंद, कारण कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

‘बरं होणार नाही, पण सांभाळता येईल.’ प्रामाणिक डॉक्टर हेच सांगतो, आणि भामट्याचं दुकान चालतं ते याच वाक्यावर. आईला रात्र रात्र झोप नव्हती. त्यात चिंगीला टोपलीत घालून रिक्षात बसवलं की मिरजकर तिकटी यायच्या आत ती ओरडून ओरडून टोपलीतच घाण करायची. अशा वेळी ‘घरी येतो आणि बरी करतो’ म्हणणारा माणूस देवासारखा वाटणारच.

माणूस बोलायला गोड. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात औषधांची बॅग. दूध संघात वीस वर्षं काढली म्हणाला. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य पुरतं. दूध संघाचा डॉक्टर म्हटलं की पुढं कोण विचारतो? “काकी, काळजी करू नकासा. बसलेल्या म्हशी उभ्या केल्यात मी, ह्ये तर मांजार हाय.” आईनं विचारलं, “मग आधीची औषधं चालू ठेवू का?” त्यावर, “दोन औषधं पोटात भांडत्यात. पयली बंद करा.” खरी मेख इथंच होती. दुसरा डॉक्टर मधे राहिला नाही की त्याचं काम तपासणारं कुणी उरत नाही.

मग त्यानं पिवळ्या रंगाचं ‘किडनी डिटॉक्स’ सलाईन लावलं आणि एक इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी चिंगी वाटीवर तुटून पडली. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली. आईनं अंबाबाईला नारळ कबूल केला. मी स्वतः तिचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला.

हे का झालं, ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक या एका दिवसावर उभी आहे. किडनीचं मांजर सतत लघवी करून आतून सुकलेलं असतं. कातडीखाली साधं रिंगर लॅक्टेटचं सलाईन गेलं तरी ते काही तासांत तरतरीत दिसतं. पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सचा. ते वाईट नाही, पण त्यात डिटॉक्स वगैरे काही नाही. आणि भूक उसळली ती स्टेरॉइडनं. आमची आई रिकामी बाटली कधी टाकत नाही, घरात सगळे तिला त्यावरून बोलतात. त्याच्या इंजेक्शनची बाटलीही तिनं धुऊन खिडकीत ठेवली होती. नंतर ती आमच्या डॉक्टरांना दाखवली तेव्हा कळलं, डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडच. दोन-तीन दिवस मांजर खुशीत राहतं, किडनी होती तिथंच असते, आणि पुन्हा पुन्हा दिलं तर मांजराला मधुमेह जडू शकतो. जोडीला लेबल नसलेल्या बाटलीतले ‘हर्बल ड्रॉप’ होते. त्यात काय होतं ते देव जाणे.

महिन्याभरानं त्यानं रक्त नेलं आणि मोबाईलवर रिपोर्ट पाठवला. क्रिएटिनिन १.१. आईनं पेढे वाटले. याच आनंदात त्यानं पुढचं पान टाकलं. किडनी सुधारली आहे, पण ‘पक्की’ करायला स्टेम सेलचं इंजेक्शन लागेल, हैदराबादहून बर्फात येतं, पैसे आगाऊ. क्यूआर कोडवर नाव भलत्याच मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं आलं. विचारलं तर, “भाचा हाय, जीएसटीसाठी त्याच्या नावावर घेतो.” इंजेक्शन आधी कुरियरमध्ये अडकलं, मग बर्फ वितळला म्हणून परत गेलं, मग फोन बंद.

तोवर चिंगीनं खाणं सोडलं होतं, तोंडाला घाण वास येत होता. परत आमच्या डॉक्टरांकडं. क्रिएटिनिन ४.६. त्यांनी तो १.१ चा रिपोर्ट बघितला आणि काही न बोलता दोन ठिकाणी बोट ठेवलं. नॉर्मल रेंज ०.७ ते १.३ लिहिलेली, म्हणजे माणसाची. आणि आमच्या मांजरीच्या नावापुढं ‘पुरुष’. मांजराची किडनी कुठल्या टप्प्यावर आहे हे ठरवताना क्रिएटिनिनचे १.६, २.८ आणि ५.० हे आकडे धरतात. पेशंटच्या अंगातली पाण्याची तूट आधी भरून काढून मग तपासायचं असतं, आणि म्हाताऱ्या मांजराचं मांस झडलेलं असेल तर आकडा आहे त्यापेक्षा कमीही दिसतो. त्यामुळं खऱ्या लॅबचा एकच चांगला आकडा आला तरी नाचायचं नाही, असं ते म्हणाले.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे. त्याप्रमाणं नोंदणी असलेला पशुवैद्यच जनावरावर उपचार करू शकतो. पदविकावाल्यांना किरकोळ कामं करता येतात, तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. नोंदणी क्रमांक विचारला की खरा डॉक्टर लगेच सांगतो, बहुतेकांच्या चिठ्ठीवर तो छापलेलाच असतो. महाराष्ट्राची परिषद नागपुरात आहे, तिथं नाव पडताळता येतं. आमच्या माणसानं चिठ्ठी कधी दिलीच नाही, सगळं तोंडी. पैसे यूपीआयनं गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासाभरात फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं. आम्ही बर्फ वितळायची वाट बघत बसलो, तोवर खातं रिकामं. तक्रारीचा नंबर आहे, पैसे नाहीत.

आता सलाईन आई स्वतः देते. डॉक्टरांनी समोर करून शिकवलं. बाटली कोमट पाण्यात धरायची, खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सुई सरकवायची. पाण्याचा गोळा नंतर पायाकडं उतरतो, त्याला घाबरायचं नाही. रिंगर लॅक्टेटची बाटली मेडिकलमध्ये शंभराच्या आसपास मिळते. त्या गड्यानं एकेका बाटलीचे बाराशे लावले होते. पण किती द्यायचं हे डॉक्टरच ठरवणार. हृदय कमजोर असलेल्या मांजराला जास्त पाणी गेलं तर छातीत भरतं. आणि ग्लुकोजची बाटली कातडीखाली देऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. आईला पहिल्यांदा सुई टोचवेना, आता म्हणते, “मी करतो, तू नुसती बाटली धर.”

तो मेसेज अजून फिरतोय. गेल्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका ग्रुपवर आला, नंबर नवा, फोटो तोच. आता त्यात ‘रिपोर्टसह गॅरंटी’ अशी एक ओळ वाढली आहे. तुमच्याकडं आला असेल तर नंबरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तक्रार करा. आमच्या तक्रारीला जोड मिळेल.