नैनीताल की भीमताल? टॉवेल चेकिंगवालीचा रिव्ह्यू

नैनीतालला जाताय तर मुक्काम जवळच्या भीमतालला करा आणि नैनीताल दिवसभरात फिरून या. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर दुसरा विचारच करू नका. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

आधी मी कुठल्या नजरेनं बघते ते सांगते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे. दिवसभर टेबलावर टॉवेल येतात. लूप, म्हणजे टॉवेलवरचा धाग्याचा वेढा, ओढला गेलाय का, किनार सरळ आहे का, तेलाचा डाग आहे का, बघायचं आणि बाजूला टाकायचं. त्यामुळं हॉटेलच्या खोलीत शिरलं की घरचे सगळे खिडकीकडं पळतात आणि मी बाथरूमकडं. आमचे हे म्हणतात, हिला ताजमहालात नेलं तरी ही आधी न्हाणीघर कुठं आहे विचारेल.

हॉटेलांची नावं मुद्दाम लिहीत नाही. पहाडात बरीच हॉटेलं मालक स्वतः चालवत नाहीत, चालवायला देतात. चालवणारा बदलला की हॉटेल बदललं. डोंगर कुठल्या अंगाला आहे आणि ऊन कधी येतं हे मात्र बदलत नाही. म्हणून हा जागांचा रिव्ह्यू समजा.

आम्ही मे महिन्यात गेलो. मी, हे, कॉलेजातला मुलगा आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, दिल्लीहून सकाळच्या शताब्दीनं काठगोदाम. रेल्वे तिथंच संपते. पुढं टॅक्सी: नैनीताल पस्तीसेक किलोमीटर, भीमताल वीस-बावीस. सीझनला नैनीतालमध्ये शिरणाऱ्या गाड्या गावाबाहेर अडवतात आणि शटलनं आत सोडतात. बॅगा, म्हातारं माणूस आणि शटल, ह्याचा हिशेब घरीच करून निघा.

पहिला मुक्काम दिरांनी बुक करून दिला होता. मॉल रोडवर, तल्लीतालच्या बाजूला, 'लेक व्ह्यू' खोली. गावाची रचना समजून घ्या म्हणजे पुढचं कळेल. तळं साधारण दीड किलोमीटर लांब. खालच्या टोकाला तल्लीताल, तिथं बसस्टँड. वरच्या टोकाला मल्लीताल, तिथं नैनादेवीचं मंदिर, फ्लॅट्सचं मैदान, बाजार आणि स्नो व्ह्यूला जाणारा रोपवे. दोन्ही टोकं जोडणारा मॉल रोड तळ्याच्या पूर्वेच्या अंगाला, शेर का डांडा डोंगराच्या पायाशी. समोरच्या काठाला अयारपाट्याचा डोंगर आणि त्याखालून जाणारी ठंडी सडक. म्हणजे मॉल रोडच्या हॉटेलाची पाठ पूर्वेला आणि पाठीशी डोंगर. सकाळचं ऊन खोलीत येणार कुठून?

खिडकीतून तळं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. रंगीत शिडांच्या होड्या, समोर गर्द हिरवा डोंगर, मुलानं तर पहिल्या दहा मिनिटांत मोबाइल भरून टाकला. पण तळं आणि खिडकी ह्यांच्यामध्ये रस्ता आहे हे फोटोत कुणी दाखवत नाही. संध्याकाळी गाड्या बंद असतात तेवढा वेळ बरा. बाकी हॉर्न. वर रिसेप्शनपासून खोलीपर्यंत पायऱ्या, लिफ्ट नाही. आत्याबाई एकदा वर चढल्या त्या थेट दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाच उतरल्या. बेडवर बसून म्हणाल्या, "तळं बघायला एवढं लांब कशाला यायचं गं, सिद्धेश्वराचं तळं घरापासून रिक्षानं होतं की."

आता टॉवेल. थंड हवेत कोरडा टॉवेलसुद्धा हाताला ओलसर वाटतो, त्यामुळं नुसत्या स्पर्शावर जाऊ नये. मी वजन बघते. तीस बाय साठ इंची, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्या मापाचा टॉवेल हाताला पाऊण किलोचा लागला तर वरचं सगळं पाणी. ह्या हॉटेलातला तसाच लागला. लूप उभे राहायचे ते सपाट बसलेले, किनारीजवळ पिवळट झाक, आणि उलगडला की कुबट वास. माल वाईट नव्हता हो, चांगल्या कारखान्यातला होता, वळणावरून कळतं. वाळलाच नव्हता बिचारा. बदलून मागितला, दुसरा आला तोही तसाच. आणून देणारा पोरगा ओशाळून म्हणाला, "क्या करें मैडम, इधर धूप ही नहीं आती." पुढची सगळी ठिकाणं मी त्या पोराच्या वाक्यावर पारखली.

रजईचंही तेच. कापसाची जाड रजई ओल धरून बसली की अंगावर दगड घेतल्यासारखं होतं. आत्याबाईंनी आपली सोलापुरी चादर बॅगेत कोंबली होती. निघताना ह्यांनी त्यांची टिंगल केली होती. रात्री चादर रजईच्या आत लावून हेच झोपले.

दोन स्टार. एक खिडकीचा, एक त्या पोराच्या खरेपणाचा.

मल्लीतालला आम्ही राहिलो नाही, पण खोल्या बघून आलो. तरुण मंडळी असाल, दोन-तीन दिवसांत सगळं पायी करायचं असेल, तर मल्लीतालच घ्या. मंदिर, तिबेटी बाजार, रोपवे, खाणं, सगळं पायाखाली. अट एकच: बाजारापासून वर किती चढायचं ते विचारून घ्या. 'पाँच मिनट' म्हणतात ते पहाडी माणसाच्या पायाचे मिनिट. अयारपाट्यावर जुने बंगले, बांजची म्हणजे ओकची झाडं, पाखरं, फार सुंदर. पण सावली इतकी दाट की पायऱ्यांवर मे महिन्यात शेवाळ होतं. फोटो काढा आणि खाली या.

पावसाळ्यात जाणाऱ्यांना एक सांगते. १८ सप्टेंबर १८८० ला शेर का डांड्याचा कडा कोसळला आणि १५१ माणसं गेली. त्यात एक अख्खं हॉटेल गाडलं गेलं होतं. आज ज्या फ्लॅट्सच्या मैदानावर आपण भुट्टा खातो ते त्या ढिगाऱ्यानं सपाट झालेलं आहे. इतक्या जुन्या गोष्टीचं काय, असं म्हणाल तर ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा तुकडा तळ्यात गेला. जुलै ते सप्टेंबर दर पडलेले असतात, आकर्षक वाटतात. मी तरी उतारावरची खोली त्या दिवसांत घेणार नाही.

पाण्याचं आम्हा सोलापूरकरांना वेगळंच आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी बघितलेली माणसं, खोलीत शिरलो की आधी बादली भरून ठेवतो. नैनीतालचं पिण्याचं पाणी त्या तळ्यातूनच जातं, आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की काठाचा गाळ उघडा पडतो. बाथरूममध्ये 'पानी बचाएँ' अशी पाटी होती. शेजारच्या खोलीतले लोक टब नाही म्हणून मॅनेजरशी भांडत होते. मी काही बोलले नाही, पण बघत राहिले.

मग भीमताल. नैनीताल साडेएकोणीसशे मीटरच्या आसपास, भीमताल त्याहून पाच-सहाशे मीटर खाली. मेमध्ये रात्री एक पांघरूण पुरतं, सकाळी स्वेटर लागतो आणि नऊला काढावा लागतो. दरी मोकळी, त्यामुळं उजेड भरपूर. तळ्याला १८८३ मध्ये बांधलेला बंधारा आहे, त्याच्या कडेला भीमेश्वराचं देऊळ, आणि तळ्यात मध्यभागी बेट, बेटावर मत्स्यालय. बंधाऱ्यावरून आत्याबाई काठी न घेता चालल्या. माझ्या लेखी एवढ्यावरच भीमताल पास.

आम्ही घेतला तो होमस्टे तळ्यापासून थोडा वर, पूर्वेला तोंड करून. टॅक्सी दारापर्यंत. खिडकीतून तळ्याची नुसती एक पट्टी दिसायची, त्यामुळं दर कमी. मॉल रोडच्या एका खोलीच्या पैशांत इथं दोन मिळाल्या. गच्चीवर दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर टॉवेल. मी आधी तिथंच गेले. खरं सांगायचं तर टॉवेल हलकाच. लूप विरळ, किनार तिरकी, एका कोपऱ्यात दोरा सुटलेला, आमच्या टेबलावर सेकंडच्या, म्हणजे दुय्यम मालात गेला असता. पण खणखणीत वाळलेला. तोंड पुसलं की पाणी ओढून घेत होता. बऱ्याच हॉटेलांत नवे कोरे मऊ टॉवेल असतात, सॉफ्टनरनं गुळगुळीत केलेले, ते पाणी नुसतं अंगावर पसरवतात. त्यापेक्षा हा लाखपट बरा.

जेवण घरचं. मालकीणबाई मंडुव्याची रोटी करायच्या, म्हणजे नाचणीचीच, जरा जाड. बरोबर गहत की दाल. आत्याबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हुलगेच की हे!" मग बॅगेतून कडक भाकरी निघाली, डाळीत चुरली गेली, शेंगाचटणीचा डबा मालकिणीच्या हातात गेला. त्यांनी बदल्यात भांगेची चटणी दिली. नाव ऐकून आत्याबाईंनी वाटी लांब सारली, "मला नको गं बाई, ह्या वयात." भांगेच्या बियांना नशा नसते हे समजावता समजावता मालकीणबाई हसून बेजार. शेवटी खाल्ली, लिंबू पिळलेली, भाजक्या तिळाच्या चटणीच्या जवळची चव. जाताना कृतीही लिहून घेतली. बिया सोलापुरात कुठून आणणार ते विचारू नका.

उणं काय ते पण सांगते. संध्याकाळी सातनंतर भीमतालला करण्यासारखं काही नाही. मुलगा दुसऱ्या दिवसापासून "मॉल रोडला जाऊया ना" म्हणत मागं लागला. बाजार लवकर बंद होतो. अंधार पडल्यावर मालकीणबाई कुणाला फाटकाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, बिबट्या फिरतो म्हणून. आणि नैनीतालला जायला बावीसेक किलोमीटरला एरवी तास लागतो, पण वाटेत भवाली आहे. कैंची धामला, म्हणजे नीम करोली बाबांच्या आश्रमाला जाणारी सगळी गर्दी तिथूनच वळते. शनिवार-रविवार तो चौक टाळा, आणि १५ जूनला तर नावच काढू नका, त्या दिवशी कैंचीला मोठा मेळा असतो. आम्ही नैनीतालला बुधवारी सकाळी लवकर गेलो, ठंडी सडकेनं चाललो, होडीत बसलो, रोपवे केला, संध्याकाळी परत. काहीही राहिलं नाही.

भीमतालला चार स्टार. पाचवा मुलाच्या वाट्याचा होता, त्यानं दिला नाही.

भीमतालच्या पुढं चारेक किलोमीटरवर नौकुचियाताल. नऊ कोपऱ्यांचं तळं, नऊही एकदम दिसले तर माणसाला मोक्ष मिळतो म्हणतात. आम्हाला चार-पाचच सापडले. शांत, खोल, हिरवंगार पाणी. नवीन लग्न झालेल्यांनी इथं राहावं. पण स्वतःची गाडी नसेल तर खाणं-पिणं सगळं रिसॉर्टच्या किचनवर अवलंबून आणि दरही तसेच. सातताल पाखरं बघणाऱ्यांसाठी, पहाटे जाऊन या.

बुकिंग करताना फोनवर लेक व्ह्यूचं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. विचारा की सकाळी खोलीत ऊन किती वाजता येतं. रस्त्यापासून पायऱ्या किती, आणि खोलीपर्यंत किती, दोन्ही वेगळं विचारा. गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी. आणि पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलवाल्यांचे नव्हे. त्यात बाल्कनीत किंवा गच्चीवर कपडे वाळत घातलेले दिसले तर लोक नाक मुरडतात; मी तिथंच बुक करते.

परतीचं सोपं आहे. काठगोदामहून दिल्लीची शताब्दी दुपारी तीननंतर सुटते. भीमतालहून जेवून, बाराच्या चेकआउटला निघालं तरी स्टेशनवर चहा प्यायला वेळ उरतो. नैनीतालहून निघणार असाल तर सीझनला दहालाच बॅगा खाली आणा. बाल मिठाई, म्हणजे इकडची खव्याची मिठाई, घ्यायची असेल तर स्टेशनवर नाही, भीमतालच्या बाजारातच घ्या, आणि ती उन्हात ठेवू नका. आमची सोलापूर येईपर्यंत एक गोळा झाली होती.